मदत हवी आहे : आईच्या कोपरांवरचे चट्टे नायट्याचे, इसबाचे की सोरायसिसचे?

नमस्कार.

माझी आई ६१ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी भावाकडे राहते. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर चट्टे उठू लागले. सुरुवातीला रुपयाएवढे होते, आता तळहाताएवढे झाले आहेत. त्यांची कड पेन्सिलीने आखल्यासारखी स्पष्ट आहे, तिच्या सावळ्या कातडीवर रंग लाल न दिसता जांभळट तपकिरी दिसतो आणि वर अभ्रकासारख्या पांढऱ्या खपल्या धरतात. खाज आहे, पण झोप मोडेल इतकी नाही, आणि पाणी सुटत नाही. कानामागे ज्याला आम्ही कोंडा समजत होतो तोही तशाच खपल्यांचा जाड थर आहे, हे मागच्या आठवड्यात तिची वेणी घालताना माझ्या लक्षात आले.

भावाने नायटा समजून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. चार-पाच दिवसांत चट्टे जवळजवळ गेले. लावणे थांबवल्यावर तीन आठवड्यांत ते आधीपेक्षा जास्त पसरले. असे तीन वेळा झाले आहे. या खेपेला मी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा तिच्यात क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे एकत्र असल्याचे कळले. स्टेरॉइडने नायट्याची खाज दबते, पण बुरशी वाढत राहते आणि कड पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते, असे वाचल्यापासून मला धास्ती वाटते आहे.

मनाला सर्वांत लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. शेजारच्या काकूंनी "रक्त बिघडलंय, लागण होते" असे सांगितल्यापासून आईने आपले ताट आणि टॉवेल वेगळे केले आहेत. ती भाकरीचे पीठ मळायला पुढे येत नाही, नातवाला मांडीवर घेत नाही, आणि अंथरुणावर पडलेल्या खपल्या कुणाला दिसू नयेत म्हणून पहाटे उठून हाताने गोळा करते.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ १२ दिवसांनी मिळाली आहे. तोवर ट्यूब बंद ठेवावी का, हा आजार नेमका कोणता असावा, आणि रक्तदाबासाठी चालू असलेल्या ॲटेनोलॉलच्या गोळीचा याच्याशी संबंध असू शकतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आईने वांगे आणि दहीही सोडले आहे; त्याची गरज आहे का?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही, पण मला १६ वर्षांपासून सोरायसिस आहे, म्हणून लिहितो. तुम्ही केलेले वर्णन त्याच्याशी पुष्कळ जुळते. नायट्याचा चट्टा बहुधा कडेने वाढतो आणि मधोमध निवळतो. इसबाची कड अशी ठळक नसते, खाज फार असते आणि चिघळले तर पाणी सुटते. आईंच्या हाताची नखे उजेडात नीट पाहा. अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे दिसले, किंवा सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो.

ती ट्यूब पुन्हा लावू नका, पण टाकूनही देऊ नका, सोबत न्या. चट्ट्याची खपली खरवडून बुरशीसाठी तपासतात आणि बुरशीचे औषध लावलेले असेल तर ती तपासणी फसू शकते. तोवर अंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावत राहा आणि खपल्या नखाने काढू देऊ नका, कारण जिथे कातडी दुखावते तिथे नवा चट्टा उठू शकतो. चट्टे अचानक अंगभर पसरले, पूचे फोड आले किंवा ताप आला, तर मात्र १२ दिवस थांबू नका.

ॲटेनोलॉलच्या वर्गातल्या गोळ्यांनी सोरायसिस उफाळल्याची उदाहरणे आहेत. तरीही ती गोळी मनाने थांबवू नका, हृदयाला धोका होऊ शकतो. गोळ्यांची पट्टी दाखवा आणि बदल डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सोरायसिस किंवा इसब कुणाला लागत नाही. नायटा लागतो, म्हणून शंका फिटेपर्यंत टॉवेल वेगळा असू द्यावा. ताट वेगळे करण्याची गरज या तिन्हींपैकी कशातच नाही, हे काकूंच्या समोर डॉक्टरांच्या तोंडून वदवता आले तर फार बरे होईल. वांगे-दही मी दोन वर्षे सोडले होते. एकही चट्टा गेला नाही.

निदान सोरायसिसचे झाले तर बहुधा आधी मलमे, मग गरज पडल्यास अतिनील प्रकाशाचे उपचार किंवा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या असा क्रम असतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. आईंना ते लिहून दिले, तर ठरलेला वार भावाला पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा आणि पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू देऊ नका.