परदेशातला तुमचा आवडता प्रवास कुठला? त्यातलं काय मनात राहिलं?

सहलीहून परतलं की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे विचारतात, काय काय पाहिलं आणि खर्च किती आला. ती उत्तरं तोंडपाठ होऊन जातात. मला त्यापुढचं ऐकायचं आहे. चार-पाच वर्षं उलटल्यावर त्या प्रवासातलं नेमकं काय उरलं? टूर कंपनीबरोबर गेला असाल किंवा एकट्यानं, देश कुठलाही असो, एकच प्रवास निवडा आणि मनापासून लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही कोल्हापूरचे. 2018 साली बाबांना घेऊन इटलीला गेलो. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा नेहमीचा कार्यक्रम. फ्लोरेन्समध्ये एक दुपार खरेदीसाठी मोकळी होती. बाबा म्हणाले, "मला चामड्याच्या पिशव्या बघायच्या नाहीत. मला महाराजांना भेटायचंय."

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं 20. त्या शहरात दहनाची रीत नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली.

ट्रामनं कास्चिने बागेपाशी उतरलो आणि चालायला लागलो. बाग नदीच्या कडेनं तीन किलोमीटरच्या वर लांबच लांब पसरली आहे आणि छत्री अगदी शेवटच्या टोकाला. बाबांचे गुडघे दुखत होते. दिसेल त्या बाकावर टेकत टेकत सव्वा तासानं पोचलो. झाडांमधून आधी घुमट दिसला, मग खांब, मग आतला अर्धपुतळा. डोक्याला फेटा, गळ्यात माळा, चेहऱ्याला रंग दिलेला. फार कोवळा चेहरा आहे हो.

बाबांनी खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. पंचगंगेचं पाणी! सामानाच्या बॅगेत, मोज्यांमध्ये गुंडाळून आणलं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. बूट काढले, कुंपणाबाहेरूनच छत्रीच्या दिशेनं पाणी शिंपडलं आणि हात जोडून उभे राहिले. जवळच आर्नोवर मोठा पूल आहे. त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या.

मोठं चर्च, चित्रांची दालनं, सगळं पाहिलं आणि सगळं सुंदरच आहे. पण फ्लोरेन्स म्हटलं की मला गवतावरचे बाबांचे मोजे घातलेले पाय दिसतात.

*

पंचगंगेच्या पाण्याचं वाचून आमच्या आईची नेपाळयात्रा आठवली. आई तेव्हा 72 वर्षांची. आजीकडून आलेला शाळिग्राम आमच्या देव्हाऱ्यात आहे, आई रोज त्याला स्नान घालून तुळस वाहते. तो जिथून येतो ती नदी तिला बघायची होती. ती नदी म्हणजे काली गंडकी.

पोखऱ्याहून जोमसोमला छोटं विमान जातं, पण फक्त सकाळी. दहा-अकरा वाजले की त्या दरीत असा वारा सुटतो की विमान उतरूच शकत नाही. दोन सकाळी आम्ही विमानतळावर बसून परत आलो. तिसऱ्या दिवशी जीप केली. बेनी, तातोपानी करत दगडधोंड्यांतून दिवसभर हाडं खिळखिळी झाली. मला आईची काळजी, आणि ती खिडकीला नाक लावून नदी बघतेय.

मुक्तिनाथ 3,710 मीटरवर आहे. देवळामागे अर्धवर्तुळात 108 धारा आहेत, बर्फाचं वितळलेलं पाणी. मी दहाव्या धारेखालीच बधिर झालो. आई डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक धारेचं पाणी ओंजळीत घेत, हळूहळू 108 पूर्ण करून आली. देवळात पूजेची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी बघतात. त्यातल्या एकीनं काही न बोलता आपली शाल आईच्या खांद्यावर टाकली.

पण मला सांगायचाय तो प्रसंग खाली कागबेनीच्या वाटेवरचा. रस्त्याकडेला एक बाई काळे गोटे मांडून बसली होती. तिनं एक गोटा उचलला, तो आधीच मधोमध फुटलेला होता, आणि दोन्ही शकलं उघडून आईपुढे धरली. आत शंखासारखं गुंडाळलेलं वेटोळं, एका शकलात खोल आणि दुसऱ्यात उठावदार. मी आईला सांगितलं की हिमालयाच्या जागी पूर्वी समुद्र होता, त्यातला हा प्राणी आहे, दहा कोटी वर्षांहून जुना, आणि जमीन वर उचलली गेली तशी ही शिंपलीही इथवर आली. आईनं वेटोळ्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "म्हणजे हा एवढं चालून आलाय, आणि मी एका जीपला कंटाळू?"

आई गेल्या वर्षी गेली. शाळिग्रामाला स्नान आता मी घालतो.

*

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हल्ली नावं ठेवली जातात, म्हणून मुद्दाम लिहिते. माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या होईपर्यंत सांगली जिल्ह्याबाहेर फार तर पंढरपूर आणि तुळजापूर. स्वित्झर्लंडला त्यांना मी एकटी कशी नेणार होते? सोबत तीस माणसं, सगळी मराठी बोलणारी, संध्याकाळी वरणभात, म्हणून त्या निर्धास्त आल्या.

युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीपर्यंत जाणारी रेल्वे 1912 साली पूर्ण झाली. आयगर पर्वताच्या पोटातून बोगदा खणून गाडी 3,454 मीटरवर नेली आहे. वर बर्फात पाऊल टाकताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं सोडला. वाकून मूठभर बर्फ घेतलं, जिभेला लावलं आणि मला म्हणाल्या, "गोड नाही गं." त्या दिवसापासून आम्ही सासू-सून राहिलो नाही, मैत्रिणी झालो.

*

2016 मध्ये कामासाठी अडीच महिने हिरोशिमात होतो. सहल नव्हती, तरी माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा प्रवास.

राहायच्या जागेपासून ट्रामनं जायचो. एके दिवशी सकाळच्या गर्दीत जुन्या धाटणीची ट्राम आली, बाहेर 651 असा आकडा. आतल्या लाकडी जमिनीला पॉलिशचा वास येत होता. ऑफिसातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सहज सांगितलं तर ते काम बाजूला ठेवून बोलायला लागले. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला तेव्हा ही गाडी शहरातच होती. जळली, दुरुस्त झाली आणि आजही रुळांवर आहे. माणसं युद्धावर गेलेली, त्यामुळे त्या काळात ट्राम चालवायला आणि तिकिटं फाडायला शाळकरी मुली होत्या, चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. सगळं शहर राख झालेलं असताना ती घंटी ऐकून लोकांना काय वाटलं असेल, हे मी आजवर नीट कल्पू शकलेलो नाही.

त्यानंतर मी मुद्दाम दहा मिनिटं लवकर निघायला लागलो, 651 किंवा तिची जोडीदार 652 मिळावी म्हणून. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. रोज त्या गाडीत उभं राहिलं की ती डोळ्यांपुढे यायची.

*

द्राक्षवाला शेतकरी आहे, तासगावकडचा. बाग विकली गेली की दर दोन-तीन वर्षांनी आम्ही चार मित्र कुठंतरी जातो. आवडलं ते केनिया, मसाई मारा. ऑगस्टात गेलो होतो. त्या दिवसांत टांझानियाकडून वाइल्डबीस्टचे कळप गवताच्या मागे मागे वर येतात, दहा लाखांच्या वर जनावर, आणि मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी टपलेल्या.

काठावर साडेचार तास थांबलो. टीव्हीवर दोन मिनिटांत दाखवतात ते खरं असं असतं. पुढचं जनावर उतारावर येतं, पाण्याला नाक लावतं, कान हलवतं, आणि एक झेब्रा उधळला की सगळा कळप माघारी. पुन्हा गोळा होतात, पुन्हा उतरतात. मागच्यांचा रेटा आणि पुढच्याचं भ्यालेलं पाऊल, हे गुराढोरांत वाढलेल्याला लगेच कळतं. धूळ, शेण, घाम यांचा वास अगदी आमच्या बैलबाजारासारखा. ड्रायव्हर मसाई होता, त्याच्या घरी गाई. त्याला मोडक्या इंग्रजीत विचारलं, पुढचं जनावर कोण ठरवतं? तो म्हणाला, "ज्याला सगळ्यात जास्त तहान लागलेली असते ते."

त्या दिवशी कळप नदीत उतरलाच नाही. आम्ही अंधार पडायच्या आत परत फिरलो. मित्रांना चुकल्याचं वाईट वाटलं, मला नाही वाटलं.

*

माझं अंकोर वाट. कंबोडियाला एकटीच गेले होते, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर. सूर्योदयाचा फोटो सगळेच काढतात, तळ्याकाठी इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. माझं ऐका आणि दुपारी जा, सगळे जेवायला गेलेले असताना, पूर्वेकडच्या ओवरीत.

तिथे समुद्रमंथन आहे. जवळजवळ पन्नास मीटर लांब भिंत, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, हातात वासुकी, मध्ये विष्णू आणि कूर्म. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनानं हे मंदिर विष्णूसाठी बांधलं. गोष्ट तर आपल्याला लहानपणापासून पाठ. पण खाली वाकून बघा. मंथनाच्या घुसळणीजवळ येता येता पाण्यातले मासे आणि मगरी कापल्या गेल्यात, कुणाचं शेपूट वेगळं, कुणाचं धड वेगळं. देव-दानवांच्या खटाटोपात त्या बिचाऱ्यांचं काय झालं हे त्या कारागिरानं कोरून ठेवलंय. एवढी वर्षं वर्गात समुद्रमंथन शिकवलं, माझ्या मनात मासे कधी आले नव्हते.

मी तीन दिवसांचा पास काढला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याच भिंतीपाशी गेले. जवळच्या बायोन मंदिराचे दगडी चेहरे आणि ता प्रोहम मंदिराची झाडं धावतपळत पाहिली, त्याचं दुःख नाही. पश्चिमेच्या दारात आठ हातांची उभी विष्णुमूर्ती आहे, तिला आज बौद्ध लोक भगवं वस्त्र नेसवून उदबत्त्या लावतात. निघताना मीही एक लावली.

*

मॉरिशस, गणपतीत. माझं माहेर रत्नागिरीकडचं. मॉरिशसला गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते हे माहीत होतं, पण समुद्राच्या वाटेवर मंडळी फेर धरून नाचत होती ते बघून पाय थबकले. आमच्या गावच्या जाखडीचाच ठेका! ते त्याला झाकरी म्हणतात. चार-पाच पिढ्यांपूर्वी ऊस तोडायला गेलेल्या माणसांनी तो ठेका नेला. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून मजूर आत यायचे. एका आजींनी क्रिओल वळणाच्या मराठीत विचारलं, "गाव कुठला तुझा?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना स्वतःच्या गावाचं नाव माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी माझंच दोनदा म्हणून घेतलं.

*

फ्लोरेन्सच्या ताई, तुमच्यासाठी लिहितोय. मी माणगावचा. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. नाईक यशवंत घाडगे आमच्या तालुक्याचे, 10 जुलै 1944 ला इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. पेरुजा जिल्ह्यातल्या मोंतोने गावात 2023 च्या जुलैमध्ये त्यांच्या नावानं स्मारक उभारलं, आणि ते स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे. आम्ही पुढच्या वर्षी गेलो. गाव टेकडीवर, चिमुकलं. मी सावली कुठल्या आकड्यावर आहे ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मग घरी वडिलांना फोन लावला. तिकडे त्यांनी विचारलं, "ऊन आहे का रे?" मी म्हटलं, आहे.

*

माणगावच्या दादा, तुमचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. ते आता 81 वर्षांचे आहेत, एक गुडघा बदललाय. मोंतोनेला जवळची रेल्वे कुठवर जाते, पुढे बस मिळते की गाडीच करावी लागते, आणि स्मारकापर्यंत चढ किती आहे? एवढं कळवाल का? बाबांनी बाटली धुऊन वाळत घातली आहे.