बंदरे न सोडण्याचा जर्मन हट्ट (१९४४-४५): डावपेच की हेका?

मुरूडकर: ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीची फळी फुटून जर्मन सैन्य फ्रान्समधून मागे हटत होते, तेव्हाही लोरियां, सेंट-नाझेर, ला रोशेल आणि डंकर्क या फ्रेंच बंदरांतील शिबंदीला जागा न सोडण्याचा हुकूम होता. हीच माणसे जर्मनीच्या सीमेकडील ऱ्हाईन नदीच्या रक्षणाला आणली असती तर अधिक उपयोग झाला नसता का?

देवगडचा वाचक: सुरुवातीचे काही महिने तरी या हुकुमाला अर्थ होता, असे माझे मत आहे. दोस्त राष्ट्रांकडे सैन्याची वाण नव्हती, वाण होती ती धक्क्यांची. फ्रान्सचे शेरबूर बंदर जूनअखेरीस पडले, पण जर्मनांनी बंदराची इतकी नासधूस केली होती की ते पूर्ववत चालू व्हायला बराच काळ गेला. ब्रेस्ट १९ सप्टेंबरला हाती आले, त्यासाठी अमेरिकनांचे सुमारे १०,००० सैनिक मेले वा जखमी झाले आणि मिळाले काय, तर निकामी बंदर.

खरा धडा बेल्जियममधील अँटवर्प बंदराचा आहे. ब्रिटिशांनी ४ सप्टेंबरला शहर घेतले आणि गोद्या जवळपास शाबूत मिळाल्या. परंतु समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत असलेल्या या बंदराकडे जाणारे शेल्ट नदीचे मुख, वाल्खरेन बेटासकट, जर्मनांकडेच राहिले. दंडा-राजपुरी घेऊनही जंजिरा सिद्दीकडे राहिला की काय होते, हे मुरूडकरांना मी काय सांगावे! कॅनेडियन सैन्याच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेथे चिखलपाण्यात झुंज चालली, मग पाणसुरुंग काढावे लागले आणि मालवाहू जहाजांचा पहिला ताफा २८ नोव्हेंबरला धक्क्याला लागला. तोवर पेट्रोलपासून तोफगोळ्यांपर्यंत बरीचशी रसद नॉर्मंडीहून ट्रकने शेकडो किलोमीटर वाहून न्यावी लागत होती.

गुहागरवासी: अँटवर्पपुरते हे मान्य आहे, पण तेच तर्कशास्त्र लोरियांला लावता येणार नाही. अँटवर्प सुरू झाल्यावर त्या बंदरांची दोस्तांना गरज उरली नाही. वेढ्याचे काम बरेचसे फ्रेंच तुकड्यांवर सोपवून मुख्य सैन्य पूर्वेकडे निघून गेले आणि आतली शिबंदी मे १९४५ पर्यंत आयती कोंडलेली राहिली. रशियाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर तर याहून मोठा घोळ झाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये कुर्लंडमध्ये (लाटव्हियाचा बाल्टिक किनारा) अडकलेले सैन्य समुद्रमार्गे जर्मनीत आणावे म्हणून जर्मन लष्कराचा प्रमुख सेनानी गुडेरियन पुनःपुन्हा सांगत होता. हिटलरने काही डिव्हिजन तेवढ्या हलवू दिल्या. उरलेल्यांपैकी सुमारे २ लाख सैनिक अखेरीस तेथेच शरण आले.

मुरूडकर: कुर्लंड राखण्यामागे आरमाराचे काही कारण होते का?

गुहागरवासी: होते. नव्या पाणबुड्यांवरील खलाशांचा सराव बाल्टिकमध्ये चालत असे, म्हणून तो किनारा राखावा असा जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झचा आग्रह होता. मात्र त्या नव्या मोठ्या पाणबुड्यांपैकी युद्ध संपेपर्यंत मोहिमेवर निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.