गच्चीवर पवनचक्की : आपल्या ग्रुपवरची चर्चा

अ-६०२ : मंडळी, वर टाकलेलं पत्रक सगळ्यांनी बघितलं का? १ किलोवॅटची छोटी पवनचक्की, गच्चीच्या चार कोपऱ्यांना चार. म्हणजे एकूण ४ किलोवॅट. पंप, जिन्यातले दिवे, सगळं वाऱ्यावर. आणि सोलरसारखं सूर्य मावळला की कारभार आटोपला असंही नाही. डेन्मार्कमध्ये सामसो नावाचं अख्खं बेट वाऱ्यावर चालतं. आपल्याला एक सोसायटी चालवता येऊ नये?

क-२०१ : सोसायटी वाऱ्यावर सोडलेली आहेच आधीपासून.

सचिव : आजोबा, हे सभेला येऊन बोला ना कधीतरी.

ब-७०४ : चार कोपरे म्हणजे त्यातला एक आमच्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर. आवाजाचं काय?

अ-६०२ : काकू, आवाज होत नाही. पत्रकात दिलंय तसं.

ब-७०४ : टाकीत पाणी पडतं त्या आवाजावरून ती किती भरली हे मला अंथरुणात कळतं. मला पत्रक नका दाखवू.

ब-३०५ : माझा पाठिंबा आहे. गाडीचं चार्जिंग रात्री त्यावरच होईल.

अ-४०१ (खजिनदार) : क-३०३ दादा पवनचक्क्यांच्या देखभालीत होते ना इतकी वर्षं? ते गप्प का?

क-३०३ : ड्युटीवर होतो ताई. आता सविस्तर लिहितो.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात बघा. हा १ किलोवॅट कोणत्या वाऱ्याला मिळतो? सेकंदाला १२ मीटर. म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा सुटला की आपण गच्चीवर हवा खायला जात नाही, वाळत घातलेले कपडे वाचवायला पळतो.

आता खरी गोम. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. वेगाचा घन लागतो तिथे. १२ चा ६ झाला की हजार वॉटचे १२५. ४ झाला की सत्ताविसावा हिस्सा, म्हणजे ३७ वॉट. एलईडीच्या दोन ट्यूब. ३ च्या खाली तर बहुतेक चक्क्या फिरताना दिसतात, देत काही नाहीत.

आपला पंप ५ एचपीचा, म्हणजे साधारण ३,७०० वॉट. ४ च्या वाऱ्याला चारही चक्क्या मिळून देणार दीडशे. बाकी हिशेब तुमचा तुम्ही करा.

ब-३०५ : मग त्या मोठ्या चक्क्यांना कसं परवडतं?

क-३०३ : पात्याची लांबी दुप्पट केली की वारा पकडणारा घेर चौपट होतो. आणि त्या उंच खांबावर असतात, तिथे वारा जोराचा तर असतोच, पण सरळही असतो. तो सरळ असणं फार महत्त्वाचं.

अ-६०२ : पण आपली इमारत सात मजल्यांची आहे. उंची आयतीच मिळाली की! खांबाचा खर्च वाचला.

क-३०३ : हेच सगळ्यांना वाटतं, मलाही आधी वाटायचं. लिहून पटणार नाही. रविवारी सकाळी सातला गच्चीवर या. एक लांब काठी आणि जुन्या ओढणीच्या पाच-सहा पट्ट्या लागतील. वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे.

ब-१०२ : लिफ्ट बंद आहे का कोणी सांगेल का? खाली दहा मिनिटं उभी आहे.

सचिव : सहाव्या मजल्यावर कोणाचा तरी सोफा अडकलाय. पाच मिनिटं द्या.

क-२०१ : रविवारी येतो. काठी माझी.

*(रविवार)*

अ-४०१ : जे आले नाहीत त्यांच्यासाठी. दादांनी काठीला हातभर अंतरावर एकेक पट्टी बांधली आणि काठी कठड्याला उभी टेकवली. खालच्या दोन पट्ट्या वेड लागल्यासारख्या. एकदा आत, एकदा बाहेर, मध्येच सरळ वर. एक तर काठीलाच गुंडाळली. मधल्या फडफडत होत्या पण दिशा ठरत नव्हती. फक्त टोकाची पट्टी एका बाजूला ताठ. मी व्हिडिओ काढलाय, रात्री टाकते.

क-३०३ : वारा भिंतीवर आपटतो, कठड्यावरून उडी मारून वर येतो आणि गच्चीवर भोवरे करतो. टाकी आणि लिफ्टची खोली त्यात भर घालतात. पात्यांना असा वारा म्हणजे गाडीला खड्ड्यांचा रस्ता. वीज कमी मिळते, बेअरिंग लवकर जातं आणि जो हादरा बसतो तो खांबातून सरळ स्लॅबमध्ये उतरतो. काकूंची शंका बरोबर आहे.

धंद्यातला साधा ठोकताळा असा : आजूबाजूच्या दीडशे मीटरमध्ये जे सगळ्यात उंच असेल, त्याच्या निदान ९ मीटर वर पात्याचं खालचं टोक हवं. आपल्याकडे सगळ्यात उंच आपलीच टाकी. तिच्यावर ९ मीटर. बसवा.

ब-७०४ : बसवा म्हणू नका हो, कोणीतरी खरंच बसवेल.

क-३०३ : हे माझ्या पदरचं नाही. ब्रिटनमध्ये वॉरविक विंड ट्रायल्स नावाची चाचणी झाली, २००९ मध्ये अहवाल आला. इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्यांची वीज मोजली. सरासरी निघाली क्षमतेच्या ५ टक्क्यांच्याही आत. काही ठिकाणी चक्कीचं इलेक्ट्रॉनिक्सच तिने दिलेल्या विजेपेक्षा जास्त वीज खात होतं. बरी चालली ती उंच इमारतींवरची. आणि नेमक्या त्याच बंद ठेवाव्या लागल्या, खालच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केली म्हणून.

ब-७०४ : 🙏

अ-६०२ : ठीक आहे, मान्य. पण मग सामसो काय खोटं आहे?

क-३०३ : अजिबात नाही. तुम्ही चांगलं उदाहरण दिलंत, फक्त त्यातलं चुकीचं टोक धरलंत. तिथे गच्चीवर काही नाही. शेतात ११ मोठ्या चक्क्या, प्रत्येकी १ मेगावॅटची. लोकवस्ती चार हजारांच्या आतबाहेर. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकून त्यांनी कामाला सुरुवात केली. नंतर समुद्रात आणखी १० उभ्या केल्या, कारण गाड्या आणि फेरीबोटी तेलावरच चालत होत्या आणि त्याची हिशेबात भरपाई करायची होती. म्हणजे 'अख्खं बेट वाऱ्यावर' म्हणतात ते वर्षाअखेरीच्या जमाखर्चात. वारा पडला की समुद्राखालच्या केबलमधून मुख्य भूमीवरची वीज येते, जास्त झाली की तिकडे जाते.

पण मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. जमिनीवरच्या ११ पैकी ९ तिथल्या शेतकऱ्यांच्या, २ छोट्या छोट्या भागधारकांच्या. बाहेरची कंपनी येऊन खांब ठोकून गेली असं झालं नाही.

मी कामाला होतो तिथला अनुभव सांगतो. ज्याच्या जमिनीचं भाडं मिळायचं त्याला चक्कीचा आवाज कधी आला नाही. शेजारच्या बांधावरच्याला रात्रभर झोप नसायची. चक्की तीच, वारा तोच. मालकाचा फोन यायचा चक्की बंद पडली की, शेजाऱ्याचा यायचा चालू झाली की.

क-२०१ : आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या तबल्याचं तसंच. त्याच्या आईला तो ताल वाटतो.

क-३०१ : आजोबा, मी ग्रुपवर आहे.

क-२०१ : माहीत आहे बाळ. सुधारणा आहे हं त्याच्यात.

अ-४०१ : मी याच विषयावर वाचताना एग नावाचं बेट सापडलं, स्कॉटलंडच्या पश्चिमेला. शंभरेक माणसं. मला ते सामसोपेक्षा आपल्या जवळचं वाटलं, कारण वस्तीने ते आपल्या सोसायटीएवढंच आहे. १९९७ मध्ये रहिवाशांनी पुढाकार घेऊन बेटच विकत घेतलं. तेव्हा घरोघरी डिझेलचे जनरेटर. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वतःची ग्रिड सुरू केली. ओढ्यांवरची जलविद्युत, वारा, सोलर, बॅटऱ्या आणि अडीनडीला डिझेल.

त्यात वाऱ्याचा वाटा किती, तर ६ किलोवॅटच्या चार चक्क्या. मुख्य भार पाण्यावर. पावसाळी, वादळी दिवसांत पाणी आणि वारा जोरात, उन्हाळ्यात दोन्ही ढेपाळतात तेव्हा ऊन धावून येतं. एकावर विसंबून राहिलेच नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : नियम. घरागणिक एका वेळी ५ किलोवॅट. दुकान-धंद्याला १०. त्याहून जास्त खेचलं की त्या घरापुरती वीज जाते. श्रीमंत असो की कोणी, मर्यादा तीच.

ब-३०५ : ५ किलोवॅट म्हणजे किती होतं पण?

अ-४०१ : काल मी घरात मोजून बघितलं. गीझर २, इस्त्री १, एसी दीड. झाले साडेचार. त्यात मुलाने किटली लावली की एगवर आमच्याकडे अंधार.

ब-३०५ : आणि माझी गाडी एकटीच ७ घेते.

क-२०१ : म्हणजे तू एगवर नुसता गाडीत बसून राहायचं.

सचिव : इथे पार्किंगच्या रेषेबाहेर गाडी लावू नका म्हणून तीन वर्षं नोटीस लावतोय. गीझर कोणी कधी लावायचा हे ठरवणारी माणसं मला त्या बेटावरून आणून द्या.

क-३०३ : साहेब, वर्मावर बोट ठेवलंत. यंत्र दोन महिन्यांत उभं राहतं. हे जमायला वेळ लागतो.

अ-६०२ : स्पेनचं एल हिएरो बेट? तिथे तर २४ दिवस सलग शंभर टक्के चाललं म्हणतात.

क-३०३ : चाललं, २०१९ च्या उन्हाळ्यात. ५ चक्क्या, साडेअकरा मेगावॅट. जास्तीच्या विजेने पाणी डोंगरावर चढवायचं, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात केलेल्या तलावात. वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज. फार सुरेख योजना आहे. पण वर्षभराची सरासरी साधारण निम्म्यावर राहिली, उरलेलं डिझेल.

क-२०१ : पत्रकात २४ दिवस छापतात. बिल ३६५ दिवसांचं येतं.

अ-६०२ : आजोबा, तुम्ही दरवेळी माझ्यावरच का घसरता? मी निदान काहीतरी आणलं तरी ग्रुपवर. नाहीतर इथे सुप्रभात आणि हरवलेल्या चपला.

अ-४०१ : हे मात्र खरं. विषय त्यांनी काढला म्हणून रविवारी आठ जण गच्चीवर होतो. वार्षिक सभेला सहा असतात.

क-३०३ : मी विरोधात नाही हो दादा. माझं म्हणणं एवढंच की चक्की आपल्या गच्चीवर असलीच पाहिजे असं नाही. कोपनहेगनच्या समोर समुद्रात मिडलग्रुंडेन म्हणून २० चक्क्या आहेत, २००० सालापासून. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या. साडेआठ हजारांवर सभासद, बरेचसे शहरात राहणारे, आपल्यासारखेच. एक हिस्सा म्हणजे वर्षाला अंदाजे १,००० युनिट, अशा मापाने हिस्से विकले. आपली वीज लागते तेवढे घ्या. कोणाची गच्ची लागली नाही, कोणाची झोप गेली नाही, आणि चक्की जिथे खरोखर वारा आहे तिथे उभी.

आपल्याला असा हिस्सा घेता येईल का, हे नियमांवर आहे. सचिवसाहेब, वीज कंपनीला लेखी विचारा. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

सचिव : विचारतो. नाही म्हणाले तर?

क-३०३ : जर्मनीत फेल्डहाइम नावाचं गाव आहे, दीडशेच्या आत वस्ती. गावाजवळच्या चक्क्यांची वीज घरी आणायला वीज कंपनीने आपल्या तारा वापरू दिल्या नाहीत तेव्हा त्यांनी २०१० मध्ये स्वतःच्या टाकल्या. आपण एवढं करणार नाही, पण निदान दुसरं पत्र लिहू.

अ-४०१ : आणि तोवर गच्चीचं काय?

क-३०३ : सोलर. पण दक्षिणेच्या कठड्याकडे, टाकीपासून दूर. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तर त्याच रांगेतल्या बाकीच्यांचं उत्पन्नही खाली ओढलं जातं. टाकीची सावली दिवसभर कुठे कुठे जाते, ते खडूने दर तासाला आखून घ्या. फुकट काम आहे. आणि पंप पहाटे पाचला लागतो तो दुपारी बाराला लावा. ऊन असतं तेव्हा पाणी चढवा. टाकी हीच आपली बॅटरी.

ब-७०४ : बाराला लावा, नक्की लावा. पहाटेची झोप मिळेल.

अ-६०२ : माझी एक विनंती. वारा महिनाभर तरी मोजू. एका रविवारवरून निकाल नको.

क-३०३ : रास्त आहे. यंत्र देतो. काठीच्या टोकाला धरायचं, दहा मिनिटांची सरासरी, सकाळ-संध्याकाळ.

क-२०१ : मी तसाही फिरायला वर जातोच. लिहीन.

*(पुढचा आठवडा)*

क-२०१ : सोमवार. सकाळी १.९, संध्याकाळी ३.१. कबुतरं ११.

क-२०१ : मंगळवार. सकाळी २.२, संध्याकाळी २.८. टाकीची सावली सकाळी नऊला लिफ्टच्या खोलीपर्यंत, खडूने आखली. खडू संपला.

क-२०१ : बुधवार. सकाळी १.४. संध्याकाळी गुडघा दुखत होता, यंत्र अ-६०२ कडे दिलं.

अ-६०२ : बुधवार संध्याकाळ. ७.२!!

क-३०३ : आज? झाडाचं पान हललं नाही.

ब-७०४ : ते आमच्या एसीच्या बाहेरच्या पंख्यासमोर उभे होते. मी खिडकीतून बघितलं.

अ-६०२ : नजरचुकीने झालं काकू. परत जातो वर.

अ-६०२ : २.६.

क-२०१ : लिहिलं.