चित्रकलेचे अंग नसताना दुकानाचे संकेतस्थळ कसे करावे? (ठाणे)

नौपाडेकर
नमस्कार. नौपाड्यात आमचे पेटी-दुरुस्तीचे दुकान आहे. भात्याची गळती काढणे, सूर जुळवणे, पट्ट्या बदलणे, जुन्या पेटीला पॉलिश करणे ही कामे मी आणि धाकटा भाऊ करतो. गणेशोत्सवाच्या आधी मुलुंडपासून कल्याणपर्यंतची माणसे येतात. दुकानाचे मराठी संकेतस्थळ स्वतःच करायचे आहे आणि वर्डप्रेस (संकेतस्थळ तयार करण्याचे सॉफ्टवेअर) बसवूनही झाले आहे. अडचण अशी की मला रंगसंगतीची जाण नाही, आणि नमुन्यात सुरेख दिसणारी थीम, म्हणजे पानाची तयार मांडणी, आमचा मजकूर घातला की विस्कटते. डिझायनरला देण्याइतके पैसे सध्या नाहीत. थीम, फॉन्ट आणि रंग कोणते घ्यावेत, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा.

घणसोलीचा वाचक
थीम विस्कटते यात आपल्या कलादृष्टीचा काही संबंध नाही. बहुतेक थीम इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांच्या शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल, तर देवनागरीची शिरोरेखा जागोजागी तुटते. आणि ओळींमधले अंतर कमी असेल, तर खालच्या ओळीतल्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांना जाऊन भिडतात. म्हणून अक्षरांमधले अंतर शून्य करावे आणि ओळीची उंची मजकुरासाठी अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट, शीर्षकासाठी साधारण १.४ पट ठेवावी. मजकूर १८ पिक्सेलचा असू द्यावा. तिरपी अक्षरे टाळावीत, कारण देवनागरीत ती सहसा यंत्राने ओढून वाकवलेली असतात. जोर द्यायचा असेल तिथे ठळक अक्षर वापरावे. एवढे केले तरी निम्मे पान सावरेल.

फॉन्ट एकच घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्त’ गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशी सात वजने आहेत, त्यामुळे शीर्षकासाठी वेगळा फॉन्ट शोधावा लागत नाही. पारंपरिक वळण आवडत असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ पाहावा. त्यातले ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत. थीम मात्र वर्डप्रेससोबत येणारी साधीच ठेवावी. सरकत्या चित्रांची थीम घेतली की चित्रे पुरवण्याचे काम आपल्या गळ्यात पडते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मजकूर आधी कागदावर लिहून काढावा. पेटी घेऊन येणारा माणूस फोनवर जे विचारतो, त्याच क्रमाने पान लिहावे: कोणती कामे होतात, अंदाजे खर्च किती, किती दिवस लागतात, दुकान कधी उघडे असते. ठाणे स्टेशनवरून जड पेटी घेऊन येणाऱ्याला रिक्षा कुठे थांबवायची आणि दुकानाला पायऱ्या आहेत का, हेही हवे असते. हा क्रम नीट लागला की मांडणी आपोआप ठरते. मला तरी डिझाइनचा गाभा हाच वाटतो.

कोपरीकर
एवढा खटाटोप कशासाठी? कॅन्व्हा या जाहिराती-चित्रे बनवण्याच्या संकेतस्थळावर तयार नमुन्यात एक सुंदर जाहिरात करावी आणि ते चित्र पहिल्या पानावर लावून टाकावे.

येऊरची वाट
कोपरीकरांशी मी नम्रपणे असहमत आहे. चित्रातली अक्षरे मोबाइलवर बारीक होतात, त्यातला फोन क्रमांक बोट लावून जोडता येत नाही, आणि अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच सापडत नाही. पेटी वाजवणाऱ्यांत अंध कलावंतही असतात, हे या दुकानाने तरी विसरू नये.

रंगांचे म्हणाल तर पांढरी किंवा किंचित पिवळसर पार्श्वभूमी, जवळजवळ काळी अक्षरे आणि बटणे व दुव्यांसाठी एकच गडद रंग पुरतो. पेटीच्या लाकडाचा तपकिरी मला योग्य वाटतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ असावा, असे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात; तो मोजून देणारी मोफत साधने आहेत, म्हणजे इथे नजरेवर विसंबण्याचीही गरज नाही.

छायाचित्रांवर मात्र एक सकाळ खर्च करावी. विकतची गुळगुळीत चित्रे लावू नयेत. पेटी उघडून खिडकीजवळ साध्या सुती कापडावर ठेवावी, ट्यूबलाइट बंद करावी, आणि पितळी सुरांची रांग बाजूने येणाऱ्या उजेडात जवळून टिपावी. भात्याची फाटलेली घडी आणि तीच दुरुस्तीनंतर, अशी जोडी एकाच कोनातून काढली तर तिला वर्णनाची गरज उरत नाही. चित्राची रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत कमी करूनच चढवावे, नाहीतर लोकलमध्ये पान उघडता उघडत नाही.

नौपाडेकर
मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. बोधचिन्ह नसले तर चालेल का? आणि दुरुस्तीचा खर्च पेटी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, तो कसा लिहावा?

घणसोलीचा वाचक
चालेल. दुकानाचे नाव ‘मुक्त’च्या जाड वजनात लिहिले की पुरे. दुकानावर जुनी हाताने रंगवलेली पाटी असेल, तर तिचे समोरून सरळ छायाचित्र घेऊन नावाच्या खाली लावावे. गिऱ्हाइकाला दुकान ओळखायलाही तिचा उपयोग होईल. खर्चाबाबत कामागणिक ‘इतक्यापासून पुढे’ असा आकडा द्यावा, नक्की रक्कम पेटी पाहून सांगितली जाईल हे त्याच ओळीत लिहावे, आणि लगेच खाली फोनचे बटण ठेवावे.