मदत हवी आहे : एकाच वेळी दोन षड्ज श्रोत्यांना कसे ऐकवावेत?

चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये पगारी ऑर्गनवादक असलेले अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज (1874–1954) यांच्यावर आमच्या श्रवणमंडळात मला मराठीत बोलायचे आहे. ‘व्हेरिएशन्स ऑन अमेरिका’ या त्यांच्या 1891 मधील ऑर्गनरचनेची मूळ चाल ब्रिटिश राष्ट्रगीताचीच असल्याने ती बहुतेकांच्या कानावरून गेलेली आहे. अडचण पहिल्या इंटरल्यूडची (दोन भागांमधल्या छोट्या जोडतुकड्याची) आहे, कारण तिथे तीच चाल पांढरी चार आणि काळी एक अशा दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन वेगळे षड्ज धरून, एकाच वेळी वाजते.

छापील नोटेशन दाखवून पाहिले, परंतु श्रोते शास्त्रीय संगीताचे, ते न वाचणारे आहेत. मग दोन पेट्यांवर दोघांनी वाजवून पाहिले, तेव्हा पुढच्या रांगेतील एका आजोबांनी ‘एक पेटी उतरली आहे, आधी जुळवून घ्या’ असे सांगितले, आणि त्यांच्या कानाचे चुकले असे मला म्हणवत नाही. ऑर्गन उपलब्ध नाही. दोन पेट्या, तानपुरा आणि ध्वनिमुद्रण ऐकवण्याची सोय आहे, वेळ मात्र दहाच मिनिटे.

हे बेसूर नसून हेतुपुरस्सर आहे, हे कानाला पटण्यासाठी दोन्ही पट्ट्या आधी स्वतंत्रपणे ऐकवाव्यात, की एक पेटी खर्जात ठेवून दोन्हींमधील अंतर वाढवावे? आणि या प्रकारासाठी मराठीत रुळलेला एखादा शब्द आहे का?