दरजांत सिमेंट नको

वर एका दादांनी लिहिलंय की कोल्हापुरातलं ऑल सेंट्स आणि वायल्डर मेमोरियल ही एकाच मिशनची चर्चं. तसं नाही. रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले ते अमेरिकन मिशनरी, पुढे ते काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. ऑल सेंट्स मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. उत्तर भारतातले अँग्लिकन 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये सामील झाले.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या सूचनेवर: जुन्या दगडी चर्चच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून 'मजबूत' करायच्या. कृपा करून तसं सुचवू नका. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, भिंतीतली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या दरजांतूनच. सिमेंटने ती वाट बुजते. आमच्या आजोळच्या वाड्यात हेच झालं. दोन पावसाळ्यांत आतल्या गिलाव्यावर पांढरं मिठासारखं फुललं, बोट लावलं की भुगा हातात. शेवटी छिन्नीने सिमेंट काढून चुना मळायच्या घाणीत तयार केलेला चुना भरला, तेव्हा भिंत सुकली.

टोकदार कमानींचंही तसंच. अर्धगोल कमानीपेक्षा ती बाजूला कमी रेटते, भार खाली नेते. एक सांधा चुकीचा भरला की ताण भलत्याच दगडावर येतो. ब्रिटिश वास्तुकार चार्ल्स मँटने आराखडा केलेल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या कमानी एकदा जवळ जाऊन बघा, आणि मग चर्चच्या बघा.

चुन्याचं काम येणारे गवंडी कुणाला माहीत असतील तर इथे जरूर सांगा.