१७८० चा मारिया थेरेसा थॅलर: जुना की नंतर पाडलेला?

जालना_नाणी
इथल्या एका सराफाकडे १७८० चा मारिया थेरेसा थॅलर (ऑस्ट्रियाचं चांदीचं मोठं नाणं) आहे. वजन २८.०२ ग्रॅम, काठावर कडी झाळल्याची खूण. "अडीचशे वर्षांचं अस्सल" म्हणून चांदीच्या तिप्पट मागतायत. घ्यावा का? घरी काय तपासता येईल?

पैठणकर
सालावर जाऊ नका भाऊ. नाण्यावरची राणी मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० ला वारली, पण अरबस्तान-इथिओपियाच्या व्यापाऱ्यांना तेच नाणं लागायचं. म्हणून पुढेही तेच साल ठेवून पाडत राहिले: व्हिएन्ना, रोम, लंडन, १९४०-४१ मध्ये आपली मुंबईची टांकसाळसुद्धा. ही बनावट नव्हेत. चांदी तीच, ८३३ (हजारात ८३३ भाग शुद्ध), वजन २८.०७ ग्रॅम, व्यास ४० मिमीच्या आसपास. पण तिप्पट अजिबात देऊ नका, त्यात कडीची खूण.

लातूर_काटा
आधी चांदी आहे का ते बघा. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. पाण्याचा ग्लास त्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. काटा साधारण २.७५ दाखवेल. २८.०२ ला त्यानं भागलं की १०.२ च्या जवळ यायला हवं. पितळ असेल तर काटा ३.३ च्या आसपास जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि चांगलं नाणंही खोटं ठरतं, म्हणून बुडवून हलकं हलवा. शिसं मिसळलेलं नाणं मात्र यातून सुटू शकतं, म्हणून काठही बघाच: लॅटिन अक्षरं ठसठशीत हवीत. अक्षरं पुसट आणि मधून साच्याच्या जोडाची रेघ गेलेली असेल तर ते ओतीव, सोडून द्या.

जालना_नाणी
धन्यवाद. काळं पडलंय, चिंच लावून उजळवू का?

पैठणकर
चिंच, राख, टूथपेस्ट काहीच नको! घासलेल्या नाण्याचा भाव पडतो तो परत येत नाही. माती असेल तर बॅटरीच्या पाण्यात (डिस्टिल्ड, ॲसिड नव्हे) भिजवा, सुती कपड्यानं टिपा, पुसू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग राहतात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकटा धरतो.

खरंच जुनं हवं असेल तर १७३२ ते १७७२ मधला मेक्सिकोचा खांबांचा आठ रियाल (दोन खांबांचं चित्र असलेलं स्पॅनिश चांदीचं नाणं) शोधा, २७.०७ ग्रॅमचा. हे इकडे कमीच दिसतात; मोगलाईत बाहेरची चांदी टांकसाळीत वितळवून रुपये पाडायचे. त्याच्या काठावर पानांची नक्षी असते आणि समोरासमोर दोन ठिकाणी ती एकमेकीवर चढते. खोट्यात हे सहसा चुकतं.